बाजारापुरती मराठी आणि समाजकार्य

नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय पट्ट्यात, म्हणजे नायगाव, बिलोली, धर्माबाद, देगलूर आणि मुखेड या तालुक्यांत, समाजकार्य किमान दोन भाषांत चालते, जरी त्याची नोंद एकाच भाषेत होत असली तरी. नायगाव तालुक्यातल्या नरसीहून एक रस्ता देगलूरमार्गे हैदराबादला जातो आणि दुसरा बिलोलीवरून बोधन-निजामाबादकडे. या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना मराठीबरोबर तेलुगू, उर्दूचे दखनी रूप, तांड्यांवरची गोरमाटी आणि दक्षिणेकडे सरकत गेले की कन्नड ऐकू येते. लातूर जिल्ह्यातल्या उदगीर, देवणी, निलंगा भागातही मराठी-कन्नड असे दुहेरी बोलणे नवे नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि तहसिलीत तिसरी हा इथल्या अनेक कुटुंबांचा रोजचा क्रम आहे.

ही सरमिसळ स्थलांतरातून आली, तशीच ती रेघ ओढण्यातूनही आली. हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलूख एकाच राज्यात होते आणि कारभार उर्दूत चाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हे राज्य भाषेप्रमाणे वाटले, तेव्हा वाटणी जिल्ह्यांवर थांबली नाही, महसुली मंडळांपर्यंत खाली उतरली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे नांदेडमधून वगळून आंध्र प्रदेशात गेली. उलट आदिलाबादकडचा किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ इकडे आले. मंडळ हे मोजमाप कितीही बारीक धरले तरी सोयरीक त्याहून बारीक असते. रेघेच्या अलीकडे तेलुगू बोलणारी घरे राहिली, पलीकडे मराठी बोलणारी. लग्ने मात्र पूर्वीसारखीच दोन्हीकडे होत राहिली, आणि नव्या सुनेबरोबर दर पिढीत दुसरी भाषा घरात येत राहिली.

सरकारी दफ्तरात या माणसांची भाषा फारशी दिसत नाही. योजनेच्या अर्जात जात, उत्पन्न, वय, बँक खाते असे रकाने असतात, घरातल्या बोलीचा रकाना सहसा नसतो. जनगणनेत मातृभाषा विचारली जाते, पण तिथे लंबाडी, म्हणजेच गोरमाटी, हिंदीच्या खात्यात गटवली जाते. २०११ च्या जनगणनेत देशभर ३२ लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली होती. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षक तरतुदींत महत्त्वाच्या सूचना आणि नियम अल्पसंख्याकांच्या भाषेत प्रसिद्ध करण्यासाठी स्थानिक लोकसंख्येत त्यांचे प्रमाण साधारण १५ टक्के असावे, असा दंडक आहे. हा दंडक तालुक्याला किंवा नगरपालिकेला लावला जातो. तालुक्यात पाच टक्के असलेली भाषा सीमेलगतच्या एखाद्या गावात किंवा एखाद्या गल्लीत बहुसंख्य असू शकते, आणि समाजकार्याची गाठ तालुक्याशी नव्हे, त्या गल्लीशी पडते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३५० अ आणि ३५० ब प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी यांची तजवीज करतात. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हा निकष त्याहूनही जुना, १९४९ चा. समुपदेशन, निराधार अनुदानाची चौकशी किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार यांसाठी असा कोणताही आकडा ठरलेला नाही.

या पट्ट्यातली खरी अडचण मराठी अजिबात न येणाऱ्यांची नाही. तसा माणूस समोर आला की कर्मचाऱ्याला आपोआप कोणाला तरी बोलवावे लागते. अडचण होते ती बाजारापुरती मराठी येणाऱ्यांची. भाव करता येतो, एसटीत तिकीट मागता येते, रेशन दुकानदाराशी दोन शब्द बोलता येतात, म्हणून समोरचा कर्मचारी संवाद झाला असे धरून चालतो. बाईही मान डोलावते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सरकारी माणसासमोर ‘नाही’ म्हणण्याची पद्धत कोणत्याच भाषेत नाही. पण नवऱ्याची मारहाण, गर्भपात, कर्ज, मुलीच्या वागण्यात अचानक पडलेला फरक या गोष्टी बाजारात बोलल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांची मराठी तिला कधी शिकावीच लागलेली नसते. तिच्याकडे उरते ते ‘बरं हाय’, ‘तरास हाय’ असे मोघम बोलणे, आणि नोंदवहीत तिची हकिकत तेवढीच मोघम उतरते. पुढे फाईल वाचणाऱ्याला वाटते, बाईच काही सांगत नाही.

भाषेचे असे मोघम होणे किती महाग पडू शकते, हे शेतकरी आत्महत्येच्या चौकशीत दिसते. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची पद्धत २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने बसली. प्रकरण पात्र ठरण्यासाठी कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते, नापिकीमुळे ते फेडता आलेले नसावे लागते आणि वसुलीचा तगादा असावा लागतो. पंचनामा, पोलिसांपुढचा जबाब आणि तहसीलची चौकशी यांतून हे सिद्ध व्हायचे असते. मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत घरातल्या बाईला जे विचारले जाते ते मराठीत, आणि लिहून घेतले जाते तेही मराठीत. समजा, तिने तेलुगूत सांगितले की सोसायटीचा माणूस दोनदा दारात येऊन गेला, तेव्हापासून घरधनी जेवत नव्हता, आणि मध्ये बसलेल्या दिराने मराठीत सांगितले की ‘टेन्शनमध्ये होता’. दिराने खोटे काही सांगितले नाही. पण तगादा हा शब्द कागदावर आलाच नाही, आणि निर्णय करणाऱ्या समितीपुढे जातो तो कागद. अशा घरी पहिल्या आठवड्यात पोचणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे मुख्य काम सांत्वनाचे मानले जाते. त्याच्या जोडीने जबाब बाईच्या भाषेत तिला परत वाचून दाखवला गेला का, हे पाहणे तेवढेच निकडीचे आहे.

आत्महत्या टाळण्याच्या कामातही हेच आहे. राज्याने २०१५ नंतर मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारतात आणि निराश दिसणाऱ्या माणसाला पुढे पाठवतात. प्रश्नावली मराठी, घर तेलुगू किंवा गोरमाटी, आणि आशा त्याच गावची. ती प्रश्न जागेवरच फिरवून विचारते. झोप लागते का, भूक लागते का, हे सहज जमते. ‘जगणे नकोसे वाटते का’ हा प्रश्न मात्र शेजारच्या काकाला कसा विचारायचा, हे तिला कोणी शिकवलेले नसते. तो गाळला तरी जातो, नाहीतर ‘सगळं ठीक ना’ असा होऊन बसतो. कोरा अर्ज भरून येतो आणि कोणाला खटकत नाही. अशा चार-पाच नाजूक प्रश्नांचे स्थानिक भाषांतले शब्द आधीच बसून ठरवले, दोन-तीन आशांनी ते गावात वापरून पाहिले आणि मग छापले, तर या कामाचा बराच भाग सुटू शकतो. त्याला मोठा खर्चही लागत नाही.

आशा आणि अंगणवाडी कार्यकर्ती या पट्ट्यातल्या खऱ्या दुभाषी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि आशा २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. दोन्ही ठिकाणी बाई गावातलीच असावी असा नियम आहे. त्या नियमामुळे भाषेची सोय आपोआप झाली, ती कोणी योजून केली नव्हती. त्यामुळे तिचा मोबदला नाही, प्रशिक्षण नाही आणि मर्यादाही आखलेल्या नाहीत. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या समजावणे हे आशाचेच काम आहे. पण सासरच्या मारहाणीची तक्रार संरक्षण अधिकाऱ्यापुढे सांगताना तीच आशा मध्ये बसली आणि ती सासूच्या भावकीतली निघाली, तर बाई तोंड उघडणार नाही. तेव्हा दुभाषी शेजारच्या गावाचा असावा, पुरुषाऐवजी बाई असावी, आणि नात्यागोत्यात नाही हे आधी विचारून घ्यावे. लहान मुलांना मध्ये घालण्याची सवय तर मोडायलाच हवी. शाळेत जाणारा मुलगा मराठी चांगले बोलतो म्हणून त्याच्याच तोंडून आईचे आजारपण किंवा बापाचे दारूचे प्रकरण डॉक्टरपुढे वदवून घेतले जाते. मुलगा लाजेने अर्धे गिळतो, आणि घरातल्या मोठ्यांवर त्याचा विचित्र अधिकारही बसतो.

दुभाष्याबरोबर काम करण्याचीही एक रीत आहे. बोलणे बाईकडे पाहून करायचे, दुभाष्याकडे पाहून नाही. ‘तिला विचारा की…’ असे न म्हणता सरळ तिलाच विचारायचे. वाक्ये लहान ठेवायची. दुभाष्याने आपले मत घालू नये, सल्ला देऊ नये, बाई पाच मिनिटे बोलली आणि दुभाष्याने तीन शब्दांत आटोपले तर थांबवून पुन्हा विचारायचे. शेवटी बाईला आपल्या शब्दांत सगळे परत सांगायला लावायचे. शहरातल्या प्रशिक्षणात हे सगळे सांगितले जाते, पण गावात अडचण वेगळीच येते. ओट्यावर बोलणे सुरू झाले की दहा माणसे जमतात आणि दहाही जण दुभाषी होतात. म्हणून जागा बदलणे हाच कधी कधी पहिला उपाय असतो. अंगणवाडीची खोली, आरोग्य उपकेंद्र, नाहीतर शेताची वाट.

बालसंरक्षणाच्या प्रकरणांत नात्याच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटले होते, आणि नांदेडच्या या कडेला ते घरोघरी पटते. मामाच्या मुलीशी लग्न दोन्हीकडे चालते. तेलुगू आणि कन्नड घरांत सख्ख्या मामाशीही लग्न लावण्याची चाल आहे. तेलुगूत ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही. मराठवाड्यातल्या खेड्यांतही सून सासऱ्याला मामा म्हणते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ‘मामा त्रास देतो’ असे म्हणाली, तर तो आईचा भाऊ, सासरा की लग्न ठरलेला मुलगा, हे नाव विचारून आणि कुटुंबाचा तक्ता काढूनच कळते. बालविवाहाच्या प्रकरणात या एका खुलाशावर पुढची सगळी कारवाई अवलंबून असते.

इथे कायदा तुलनेने स्पष्ट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ मध्ये तक्रार मुलाला न समजणाऱ्या भाषेत लिहिली जात असेल किंवा गरज वाटली तर भाषांतरकार किंवा दुभाषी पुरवावा असे सांगितले आहे. त्याने पात्र असावे, अनुभवी असावे आणि त्याला ठरलेली फी मिळावी, हेही त्यातच आहे. कलम २६ नुसार जबाब नोंदवतानाही अशी मदत घेता येते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे तेलुगू, कन्नड, गोरमाटी आणि गोंडी-कोलामी जाणणाऱ्यांची तयार यादी असेल, तर ही कलमे त्याच दिवशी उपयोगी पडतात. यादी नसेल तर पोलिस ठाण्यातला जो शिपाई देगलूरकडचा असेल तोच दुभाषी होतो. मूल अशा वेळी गणवेशातल्या माणसापुढे काय बोलेल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

कागदपत्रांचा प्रश्न रोजचा आणि कंटाळवाणा आहे, पण या भागातल्या समाजकार्यकर्त्याचा निम्मा वेळ तोच खातो. तेलंगणातल्या नावात घराचे नाव आधी येते आणि पुष्कळदा एका अक्षरात आटोपते, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये येतच नाही. महाराष्ट्रात स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव असे तीन भाग लागतात. इकडे आलेल्या घरांची आडनावे ‘वार’ लागून मराठी वळणाची झाली, पलीकडच्या भावांची तशी झाली नाहीत. लग्न होऊन आलेल्या बाईचे आधार एका नावाने, शिधापत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे असते आणि अनुदान कोणत्या खात्यात अडकले ते कळत नाही. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हा परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलेल्या बायकांसाठी नवऱ्याची कागदपत्रे चालतील अशी दुरुस्ती करावी लागली. सीमेवरच्या तालुक्यांत त्या एका ओळीने अनेक अर्ज सुटले. दोन राज्यांच्या योजनांची तुलनाही चुलीपाशी चालू असते. तेलंगणाने २०१९ मध्ये विधवा आणि वृद्धांचे आसरा निवृत्तिवेतन २,०१६ रुपयांवर नेले, महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत १,५०० मिळतात. माहेरी राहून तिकडचे घ्यावे की सासरी राहून इकडचे, हा प्रश्न पंचविशीतली विधवा विचारते तेव्हा तिला उपदेश करण्यात अर्थ नसतो. दोन्हीकडचे नियम नीट ठाऊक असले तरच तिला उत्तर देता येते.

जातीच्या दाखल्यात हा गुंता आणखी वाढतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. एकाच भाषेच्या, एकाच गोताच्या तीन बहिणींच्या मुलांना तीन वेगळ्या यादीत बसावे लागते आणि माहेरचा दाखला सासरच्या राज्यात चालत नाही. तेलुगू बोलणाऱ्या मन्नेरवारलू जमातीचे नाव महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलामांबरोबर आहे. मिळत्याजुळत्या नावाच्या इतर समाजांमुळे त्यांची पडताळणी वर्षानुवर्षे वादात राहते. पडताळणीत घरची बोली, देवक, चालीरीती विचारल्या जातात. म्हणजे जी भाषा एरवी शाळेत आणि कचेरीत अडसर मानली जाते, तीच इथे पुरावा म्हणून मागितली जाते.

तांड्यावरचे काम गावातल्या कामाहून वेगळे. गोरमाटी बोलणारे लोक स्वतःला गोर आणि बाहेरच्यांना कोर म्हणतात. त्यामुळे पहिला प्रश्न भाषेचा नसून आपण कोण हा असतो. नाईक आणि कारभारी यांना भेटल्याशिवाय तिथे बैठक होत नाही, भांडणे अजूनही पुष्कळदा जातपंचायतीत, नसाबात, मिटतात. गोरमाटीची चार वाक्ये शिकलेला कार्यकर्ता लगेच स्वीकारला जातो असे मुळीच नाही, पण म्हाताऱ्या बायका त्याच्याशी बोलू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुले मागे कोणाकडे ठेवली जातात, हे त्याच सांगू शकतात. किनवट-माहूरकडे कोलामांची पोडे आणि गोंडांचे गुडे आहेत. तिथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प असल्यामुळे निदान भाषा वेगळी आहे एवढे तरी अधिकृतपणे मानले जाते. उर्दूचा प्रश्न पुन्हा निराळा, कारण बोलताना अडत नाही, कागदावर अडते. निजामकाळातले दस्त, जमिनीच्या नोंदी, वारसाचे पुरावे उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची अचानक मागणी वाढली. विधवेच्या जमिनीच्या हक्कासाठी तोच वाचणारा तिला एरवी मिळत नाही.

सोलापूरचे उदाहरण इथे ताडून पाहण्यासारखे आहे. तिथे तेलुगू भाषक पद्मशाली विणकर आणि विडी कामगार बायका हजारोंनी एकत्र राहतात. नरसय्या आडम यांच्यासारखे नेतृत्व त्याच भाषेतून आले. सभा तेलुगूत आणि मराठीत झाल्या. त्यातून २००६ मध्ये विडी कामगारांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. नायगाव-धर्माबादकडे तेलुगू घरे गावोगाव विखुरलेली, वेगवेगळ्या जातींची आणि वेगवेगळ्या पक्षांची आहेत. इथे भाषेवर संघटना बांधता येत नाही आणि त्याची गरजही नाही. म्हणूनच इथे भाषेची सोय करण्याचे ओझे सेवा देणाऱ्यावर येते.

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये हीच गोष्ट धोरण म्हणून मांडली गेली आहे. तिथल्या वेल्श भाषकांना इंग्रजी येतेच, तरी २०१२ मध्ये आरोग्य आणि समाजसेवांसाठी ठरलेल्या आराखड्यानुसार वेल्शमध्ये बोलायचे का, हे सेवकाने स्वतःहून विचारायचे असते, माणसाने मागण्याची वाट पाहायची नसते. म्हातारपणात स्मृतिभ्रंश झालेल्यांकडे पुष्कळदा पहिली भाषाच उरते, हा त्यामागच्या कारणांपैकी एक. नांदेड-लातूरसाठी वेल्सचा खर्च परवडणारा नाही, पण विचारण्याला खर्च नाही. गृहभेटीच्या नोंदवहीत ‘घरची बोली’ आणि ‘कोणत्या भाषेत बोलायला आवडेल’ असे दोन रकाने वाढवता येतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याच्या नोंदी लिहिताना बाईचे मूळ वाक्य तिच्याच भाषेत, देवनागरीत, आणि शेजारी मराठी अर्थ असे लिहायला लावता येते. शिकवणाऱ्यांनाही त्यातून पुष्कळ कळेल. सीमाभागातून समाजकार्याला येणारे विद्यार्थी बहुधा दुभाषिक असतात, पण नेमणुकीच्या जाहिरातीत मराठी, इंग्रजी आणि संगणकाची अट असते, तेलुगूचा उल्लेख नसतो, आणि मुलाखतीत ती भाषा येते असे सांगायलाही उमेदवार कचरतात.

याच पट्ट्यातली माणसे सीमा ओलांडतात तेव्हा भूमिका उलटतात. मुखेड, कंधार, नायगाव भागातली कुटुंबे हैदराबादच्या बांधकामांवर आणि तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि तिथे मराठी अल्पसंख्य होते. तिथल्या पोलिस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, शाळेत त्यांच्या बायकांचे तेलुगू बाजारापुरते असते. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६ खाली सुटका झाली तर मुक्ततेचा दाखला तिकडचे प्रशासन देते, पुनर्वसन मात्र इकडच्या जिल्ह्याने करायचे असते. हरवलेले किंवा भट्टीवर सापडलेले मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९५ नुसार त्याच्या घरच्या जिल्ह्यातल्या बाल कल्याण समितीकडे सोपवले जाते. अशा वेळी फाईल तेलुगूत किंवा इंग्रजीत येते आणि मूल मराठीत बोलते. निजामाबाद आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांनी एकमेकांच्या दुभाष्यांची यादी, दूरध्वनी क्रमांक आणि सामाजिक तपासणी अहवालाचा दोन भाषांतला एकच नमुना ठेवला, तर मुलाचा मुक्काम बालगृहात आठवडाभर कमी होऊ शकतो.